नागोरावांचं आंतरराष्ट्रीय रेटिंग

नागोराव वानखडे यांना बुद्धिबळात कुणी हरवू शकत नाही, हे बिबवेवाडीतल्या मधुमालती सोसायटीत सर्वमान्य होतं. त्याला कारणही तसंच होतं. सोसायटीत बुद्धिबळ खेळणारे दोघेच, आणि त्यांतले दुसरे म्हणजे मार्केट यार्डातले कांद्याचे अडते दत्तोबा खेडेकर. पहाटेच्या लिलावाला उठलेला माणूस भर दुपारी पटासमोर बसला की पाच-सहा खेळ्यांत त्याची हनुवटी छातीला टेकायची. नागोराव सभ्य गृहस्थ असल्यामुळे झोपलेल्या माणसाचा वजीर मारत नसत. ते दत्तोबांना हलवून जागं करत, चहा पाजत आणि मग मारत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना तिसऱ्या मजल्यावर रोहन नावाचा एक भाडेकरू राहायला आला. हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत होता. एका शनिवारी पार्किंगमध्ये कंपनीच्या बसची वाट बघत तो या दोघांच्या पटाशी उभा राहिला आणि नागोरावांनी दत्तोबांचा हत्ती उचलताच म्हणाला, "काका, नाइस! तुमचं रेटिंग किती?"

"कसलं रेटिंग?"

"म्हणजे इंटरनॅशनल रेटिंग. टूर्नामेंट खेळलं की नंबर मिळतो ना. वर्ल्ड लिस्टमध्ये नाव येतं." नागोरावांचा चेहरा बघून तो समजुतीच्या सुरात पुढे म्हणाला, "नसलं तरी चालतं हो, काका. टाइमपास म्हणून खेळायला काय हरकत आहे?"

बस आली आणि रोहन गेला. नागोराव मात्र हातात दत्तोबांचा हत्ती धरून तसेच बसून राहिले. टाइमपास! सरकारी खात्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या माणसाला हा शब्द फार लागतो. निवृत्तीनंतर नागोरावांच्या नावापुढचं पद गेलं होतं, खोलीबाहेरची पाटी गेली होती, 'साहेब आहेत का?' असं विचारत येणारी माणसंही गेली होती. उरला होता तो पट. तोही अनधिकृत निघाल्यावर माणसानं जायचं कुठं? आपण जगाच्या यादीत नाव आणायचं, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं.

पद्मजाबाईंनी हा निर्णय कुकरच्या शिट्ट्या मोजत ऐकला. त्या मूळच्या नारायण पेठेतल्या. यवतमाळकडचा नवरा त्यांनी स्वतः पसंत केला असला, तरी त्याच्या बाकीच्या पसंतींना त्यांनी कधी जामीनकी दिली नव्हती.

"जगाच्या यादीत," त्या म्हणाल्या. "वाण्याच्या यादीत काल साबण राहिला होता. तेवढा आधी आणा."

दत्तोबांना मात्र बेत एकदम पटला. "नंबर पायजेच," ते म्हणाले. "बिगरनंबराच्या मालाला कोण विचारतंय? तुम्ही व्हा पुढं. भिजवलेलं बदाम खायचं आन् डाव चालू असताना पाणी प्यायचं न्हाई, उठायला लागतं." सोसायटीचे सेक्रेटरी बजरंग शितोळे यांनी तर सल्ल्यावर न थांबता जिन्यातल्या फळ्यावर खडूनं लिहून टाकलं : 'आपल्या सोसायटीचे श्री. नागोराव वानखडे यांची आंतरराष्ट्रीय बुद्धिबळात निवड. अभिनंदन! पाणी दुपारी येणार नाही.' निवड कुणी केली हा प्रश्न कुणालाच पडला नाही. दूधवाल्यापासून सगळे पाण्यासाठी तो फळा वाचत असल्यामुळे नागोरावांना आता मागं फिरण्याची सोय उरली नाही.

स्पर्धेत नाव द्यायचं म्हणजे आधी संघटनेत नोंदणी करायची. नागोरावांनी फोन लावला. पलीकडून एका घाईतल्या आवाजानं विचारलं, "मुलाचं नाव सांगा."

"मुलाचं नाही, माझंच."

"तुमचं नंतर घेतो, पालकांचा रकाना खाली आहे. आधी मुलाचं."

"अहो, मुलगा नाही. मीच खेळणार आहे."

 पलीकडचा आवाज एकदम मृदू झाला. "अच्छा. खेळा ना, सर. खेळलेलं चांगलंच." मॉर्निंग वॉकला लागलेल्या हृदयरोग्याशी लोक ज्या सुरात बोलतात, तोच हा सूर होता. नागोरावांना तो अजिबात आवडला नाही. पुढे संगणकावर जन्मसाल निवडायला गेले तर यादी त्यांच्या जन्माच्या अलीकडेच संपत होती. स्पर्धेला येणाऱ्या माणसाचा जन्म इतक्या जुन्या काळात झाला असेल, हे ती बनवणाऱ्याच्या मनातच आलं नव्हतं. रोहननं खटपट करून ते साल घालून दिलं, तेवढ्यात पडताळणीचा आकडा पद्मजाबाईंच्या मोबाइलवर गेला आणि पद्मजाबाई मोबाइलसकट भजनी मंडळात गेल्या. त्या परत येईपर्यंत सगळं पुन्हा पहिल्यापासून भरावं लागलं. नोंदणी अखेर झाली, तेव्हा आपण निम्मी स्पर्धा जिंकलो आहोत असं नागोरावांना प्रामाणिकपणे वाटलं.

नियम त्यांनी रोहनकडून समजावून घेतला होता. रेटिंग असलेल्या खेळाडूंशी पुरेसे डाव व्हायला हवेत आणि त्या डावांतून निदान एक पूर्ण गुण मिळायला हवा. जिंकलं की एक, बरोबरी झाली की अर्धा. म्हणजे आठ फेऱ्यांत एक डाव जिंकायचा, बस्स. नागोराव दत्तोबांना आठवड्यात आठ वेळा हरवत. त्यांना ही अट जरा अपमानास्पदच वाटली.

स्पर्धा कोथरूडच्या एका मंगल कार्यालयात होती. वरच्या मजल्यावर बुद्धिबळ आणि खालच्या मजल्यावर लग्न. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, कानाला अत्तराचा फाया लावून नागोराव वर पोहोचले. रांगेत मांडलेले पट आणि प्रत्येक पटाशेजारी घड्याळ बघून त्यांना गलबलून आलं. इतकी माणसं एका वेळी गप्प बसलेली त्यांनी पुण्यात प्रथमच पाहिली.

पहिल्या फेरीत ते घड्याळानं हरले. प्रत्येकाची वेळ वेगळी चालते, खेळी झाली की आपल्या बाजूचं बटण दाबायचं म्हणजे समोरच्याची वेळ सुरू होते, हे त्यांना माहीत होतं. पण समोरचा माणूस विचार करत असताना त्याच्या तोंडावर खाड्कन बटण दाबणं त्यांना असभ्यपणाचं वाटलं. चार-पाच वेळा त्यांनी ते मुद्दाम टाळलं आणि नंतर विसरूनच गेले. समोरचा तरुण चष्म्याआडून शांतपणे बघत राहिला. हा मुलगा किती खोल विचार करतो, याचं नागोरावांना कौतुक वाटत असतानाच त्यांची स्वतःची वेळ संपली.

दुसऱ्या फेरीत त्यांचा राजा अडचणीत आला, तेव्हा त्यांनी तो उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून झाडामागं बसवावा तसा प्याद्यांमागं बसवला. प्रतिस्पर्ध्यानं हात वर केला. पंच आले.

"सर, हे काय?"

"राजाची उडी," नागोराव म्हणाले. "शह बसला नसेल तर डावात एकदा घेता येते."

"कुठं घेता येते?"

"सगळीकडे. आमच्या गावात, बिबवेवाडीत..."

नागोराव आणि दत्तोबा दोघंही जुन्या देशी पद्धतीनं शिकलेले. आंतरराष्ट्रीय नियमांचं पुस्तक त्यांनी आणलं होतं, आणि बहुतेक फरक पाठही केले होते. पण हात काही पुस्तक वाचत नाही. "काऊन बाप्पा, एवढ्याशा उडीनं कोणाचं काय जाते?" त्यांची अस्सल वऱ्हाडी बाहेर पडली. पुण्यात इतकी वर्षं काढून घोटलेली भाषा पटावर कधीच टिकत नसे. पंच बधले नाहीत. उडी रद्द झाली, आणि हात लावलेलाच मोहरा चालवायचा या नियमानं त्याच राजाला एक घर पुढे, म्हणजे सरळ शत्रूच्या घोळक्यात जावं लागलं. तिथून तो परत आला नाही.

तिसऱ्या फेरीला भिंतीवरच्या यादीत नागोरावांच्या नावासमोर कुणाचंच नाव नव्हतं. खेळाडूंची संख्या विषम झाली की सर्वांत खालच्याला न खेळता एक गुण देतात आणि त्या फेरीपुरतं घरी पाठवतात, असं पंचांनी सांगितलं. हा गुण रेटिंगसाठी धरत नाहीत, हेही सांगितलं. घरी पद्मजाबाईंनी दार उघडलं.

"आज एक गुण मिळाला," नागोराव म्हणाले.

"हरला कोण?"

"कुणी नाही. समोर कुणी नव्हतंच."

"मग बरोबर," पद्मजाबाई म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला आत गेल्या.

चौथ्या फेरीत जे झालं, ते नागोरावांनी पुढे बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. फेरी सुरू व्हायला वेळ होता म्हणून ते खाली हात धुवायला उतरले. कडक इस्त्रीचा शर्ट, कानात अत्तराचा फाया आणि चेहऱ्यावर गांभीर्य. नवऱ्यामुलाच्या मामांनी त्यांना बरोबर हेरलं.

"अहो, तुम्ही असे कोपऱ्यात काय उभे? पान वाढलंय, चला!"

"नाही, मी वर बुद्धिबळाला..."

"सगळं होईल हो निवांत. आधी जेवून घ्या. मुलीकडचे ना आपण? मग तर रागावून चालणारच नाही." मामांनी दंडाला धरून त्यांना पंगतीत बसवलं. मुलीकडचा माणूस रुसला असा बभ्रा होऊ नये, म्हणून मुलाकडचे चौघे एकदम आग्रहाला लागले. नागोरावांच्या पानात जिलब्यांचा ढीग पडला. आता भर पंगतीतून एकट्यानं उठायचं कसं? शेजारचे आजोबा कवळी सांभाळत जिलबीचा एकेक तुकडा चघळत होते आणि त्यांचं होईपर्यंत उठणं नागोरावांच्या संस्कारात बसत नव्हतं. वरून घोषणा ऐकू आली, फेरी सुरू झाल्याचं कळलं. त्याच वेळी कुणीतरी त्यांना मठ्ठा वाढला. ते वर पोहोचले तेव्हा प्रतिस्पर्धी सही करून निघूनही गेला होता. ठरलेल्या वेळेत न आल्यामुळे डाव गेला होता आणि न खेळलेला म्हणून तोही रेटिंगच्या हिशेबात नव्हता.

"कसा झाला डाव?" संध्याकाळी दत्तोबांनी पार्किंगमध्ये विचारलं.

"जड गेला," नागोराव म्हणाले. हे खोटं नव्हतं.

पाचवी, सहावी आणि सातवी फेरी ते रीतसर हरले. वेळेवर गेले, घड्याळ दाबलं, राजाला जमिनीवर ठेवलं आणि तरीही हरले. या हरण्यात एक प्रतिष्ठा होती, असं त्यांचं मत होतं. पण मत काहीही असलं तरी हिशेब सरळ होता. शेवटची एकच फेरी उरली होती आणि खात्यावर मोजता येईल असा एकही गुण नव्हता. डाव सुटले की बाकीचे खेळाडू जोडीजोडीनं बाहेरच्या कट्ट्यावर बसत, पट मांडत आणि 'इथं घोडा खेळलो असतो तर?' म्हणत तासन्‌तास वाद घालत. नागोरावांना कुणी कट्ट्यावर बोलावलं नाही. हरल्यावर समोरचा हात मिळवी, 'थँक यू, अंकल' म्हणे आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागे. हे त्यांना हरण्यापेक्षा जास्त लागत होतं.

शेवटचा दिवस उजाडला. फळ्यावरचं अभिनंदन अजून पुसलेलं नव्हतं, नुसता पाण्याचा मजकूर रोज बदलत होता. पद्मजाबाईंनी डबा हातात देताना एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"अहो, खाली लग्न असेल तर मागच्या जिन्यानं जा," त्या म्हणाल्या. त्यांना कसं कळलं होतं कोण जाणे.

आठव्या फेरीला समोर अपेक्षा रामटेके नावाची मुलगी होती. हिंजवडीतली इंजिनिअर, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच राहिलेलं, आणि चांगलं भारदस्त रेटिंग. बसल्या बसल्या तिनं जांभई दिली. "सॉरी, काका. ऑफिसचं कालचं रिलीज आज सकाळी संपलं, रात्रभर जागी आहे." डाव सुरू झाला. तीही विदर्भाकडची, हे आडनावावरून नागोरावांनी ओळखलं होतं, पण पटावर गाववाला नसतो. मध्यावर तिनं डोळे चोळत घोडा हलवला आणि आपला वजीर उघडा टाकला. नागोरावांनी तीन-तीनदा खात्री केली. समोरचा माणूस जागा आहे हेही पाहिलं. मग मारला.

तिथून डाव एकतर्फी झाला. शेवटी नागोरावांकडे वजीर, एक हत्ती आणि एक प्यादं उरलं. अपेक्षाकडे कोपऱ्यात कोंडलेला राजा आणि दूर दुसऱ्या टोकाला पुढे सरकलेलं एकटं प्यादं. तिनं डाव सोडला नाही. ती गाल हातावर टेकून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी आशा दिसत होती.

आजूबाजूचे डाव संपले होते. मोकळे झालेले खेळाडू हळूहळू या पटाभोवती जमले. सगळ्यांना एकच दिसत होतं : काकांच्या हत्तीच्या तोंडासमोर ते प्यादं फुकट उभं आहे. काका ते घेत का नाहीत? नागोराव त्या प्याद्याला हात लावायला तयार नव्हते. उलट हत्ती आणि वजीर त्याच्यापासून जपून चालवत होते, अंगणातल्या रोपावर पाय पडू नये तसे. कारण देशी बुद्धिबळात समोरच्याचा राजा अगदी एकटा उरला की झाली बुर्जी. बुर्जी म्हणजे अर्धा डाव. आणि अर्ध्या गुणानं रेटिंग मिळत नाही! पुस्तकात याबद्दल काय लिहिलं होतं ते या क्षणी त्यांना काही केल्या आठवेना. आठवत होते फक्त गावच्या पारावरचे म्हातारे, 'बुर्जी केली लेका, हातचा डाव घालवला' म्हणणारे.

शिवाय दुसरी गोष्ट. वजिरानं मात कुणीही करतो. प्याद्यानं केलेली मात, प्यादेमात, हिचा मान काही और. नागोरावांचं प्यादं त्या कोपऱ्यातल्या राजाच्या अगदी जवळ पोहोचलं होतं. आणखी एकच घर.

अपेक्षानं आपलं प्यादं शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर आणलं. घ्या, असंच जणू ते म्हणत होतं. नागोरावांनी हत्ती तिथंच ठेवला आणि वजीर एका तिरप्या रेषेत आणून आपल्या प्याद्याच्या पुढच्या घराला जोर दिला. गर्दीतून कुणीतरी 'अरे!' म्हणालं. पंचांनी डोळे वटारले. तिचं प्यादं घोड्याच्या घरात शिरणार होतं. म्हणजे देशी रिवाजाप्रमाणे त्याचा होऊन होऊन घोडा होणार, असा नागोरावांचा निर्धास्त हिशेब होता.

अपेक्षानं प्यादं पुढे सरकवलं आणि त्याच्या जागी वजीर ठेवला.

नागोराव दचकले. घोड्याच्या घरात वजीर! मग आठवलं. पुस्तकातलं ते पान लख्ख आठवलं. आंतरराष्ट्रीय नियमानं कुठल्याही घरात हवं ते मागता येतं. समोर ताजा, टवटवीत वजीर उभा होता आणि बिबवेवाडीच्या जिन्यातला फळा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. घड्याळ पळत होतं. त्यांनी पटावर पाहिलं. शह नव्हता. राजा कोपऱ्यात होता तसाच कोंडलेला होता. त्यांनी आपलं प्यादं एक घर पुढे ढकललं.

राजाला शह बसला. हलायला जागा नव्हती. नवा वजीर लांबून नुसता बघत राहिला.

"प्यादेमात!" नागोराव उभं राहून ओरडले. पंच म्हणाले, "सर, शांतता." पण तेही हसत होते.

अपेक्षा पटाकडे बघतच राहिली. "काका, सॉलिड! तुम्ही माझं प्यादं मुद्दाम ठेवलं ना? मी तर वाटच बघत होते. ते मारलं असतं, तर माझ्या राजाला शहही नव्हता आणि चालही नव्हती. म्हणजे स्टेलमेट. अर्धा-अर्धा गुण. सगळे त्यातच फसतात. तुम्ही आधीच बघून ठेवलं होतं!"

सगळी गर्दी आदरानं नागोरावांकडे पाहू लागली. नुसती मान हलवली असती तरी काम भागलं असतं. मान हलवायची त्यांना अनावर इच्छाही झाली. पण पारावरचे म्हातारे आठवले.

"नाही हो," ते म्हणाले. "तसलं मला काही दिसलंच नाही. मी बुर्जीला भ्यालो होतो."

"बुर्जी म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. अपेक्षा मोठ्यानं हसली, तशी तिची झोप पार उडाली. "माझे आबासुद्धा असंच काहीतरी म्हणायचे, बाप्पा!" ती म्हणाली. "चला ना, काका, बाहेर कट्ट्यावर बसू. माझा वजीर कुठं गेला ते मला बघायचंय. आणि ती बुर्जीपण नीट सांगा."

नागोरावांनी सोंगट्या गोळा करायला मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. गुण मिळाला होता, नाव यादीत जाणार होतं, हे सगळं खरंच. पण कट्ट्यावर चला, हे शब्द ऐकायला आपण इतके आसुसलो होतो, हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. ते कट्ट्यावर बसले, आणि हिंजवडीच्या पोरापोरींच्या घोळक्यात त्यांनी इतका वाद घातला की डबा तसाच घरी आला.

पुढच्या महिन्यात रोहननं संगणकावर यादी काढून दाखवली. वानखडे नागोराव, भारत, एक हजार एकेचाळीस. यापेक्षा फारसं खाली जाताच येत नाही, असंही त्यानं भाबडेपणानं सांगितलं. नागोरावांचा चेहरा थोडा उतरला. पार्किंगमध्ये दत्तोबा वाटच बघत होते.

"मग? काय भाव फुटला?"

"एक हजार एकेचाळीस," नागोराव हळू आवाजात म्हणाले.

दत्तोबांनी लिलावात पोतं चाचपतात तसं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नवीन माल हाय. पयल्या दिवसाला वाईट न्हाई. सोडू नका, धरून ठेवा."

नागोराव जिना चढून घरी आले. पद्मजाबाई फोनवर होत्या. धाकट्या भावाचा फोन होता, त्याच्या घरच्या वास्तुशांतीचा. "नाही रे, मी येईन," त्या म्हणत होत्या. "हे नाही येणार. रविवारी ह्यांची मॅच आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "मॅच म्हणजे काय म्हणजे? खेळाडू आहेत ते. एक हजार एकेचाळीस." आणि त्यांनी फोन ठेवला.

नागोराव दारातच उभे होते. रविवारी त्यांची कुठंही मॅच नव्हती. त्यांनी पायांतल्या चपला न काढता तसाच रोहनच्या घरचा जिना गाठला, रविवारी पुण्यात कुठं स्पर्धा आहे का, ते विचारायला.